दंश आणि तितिक्षा

कन्नड तालुक्याच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आडवी पसरली आहे. पितळखोऱ्याची लेणी, अंतूरचा किल्ला, चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट हा सर्व मुलूख काळ्या दगडाचा, गवताचा व सागाच्या रानाचा आहे. १९८६ साली त्यातील मोठा भाग गौताळा अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आला. वाघ-बिबट्यांसाठी अभयारण्य असते हे लोकांस ठाऊक असते. परंतु दगडाखाली राहणाऱ्या विंचवास कोणी सरकारी अभय देत नाही, आणि त्यासही ते मागावयाचे नसते. उन्हाळ्याच्या अखेरीस जमीन तापली अथवा पहिल्या पावसाने बिळात पाणी शिरले, म्हणजे तो बाहेर पडतो. कुडाची भिंत, गोवऱ्यांचा ढीग, कडब्याची गंजी, उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेली वहाण, यांपैकी कोठेही त्याचा मुक्काम पडतो. गवत कापणाऱ्या बाईचा हात, आल्याच्या वाफ्यात बसून खुरपणाऱ्या मजुराचा पाय, जमिनीवर निजलेल्या लेकराचे बोट त्याच्या आड येते व दंश होतो.

हा प्रसंग जितका वैद्यकाचा आहे तितकाच धर्मविचाराचाही आहे. दंश झाला त्या ठिकाणी दोन जीव समोरासमोर आलेले असतात. एक वेदनेने तळमळत असतो, दुसरा भयाने नांगी उभारून पळत असतो. अहिंसा ज्याने व्रत म्हणून घेतली आहे त्याने या दोघांशी कसे वागावे? सोसावे की झटकावे, झटकावे की मारावे, आणि उपचार घ्यावा की प्रारब्ध म्हणून स्वस्थ बसावे? वासनिकांस हा प्रश्न घरातील मुलांबाळांच्या निमित्ताने पडतो. अनुसरलेल्या भिक्षूस तर तो रोजचा आहे, कारण वृक्षातळी, ओसाड देवळात, पडक्या धर्मशाळेत निजणाऱ्याचे शेजारी बहुधा हेच असतात.

‘सोसावे’ हे उत्तर सर्वांत जुने होय, व ते हलके नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण व सुखदुःख येतात आणि जातात म्हणून त्यांची तितिक्षा करावी असे सांगितले आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात मुनीने सोसावयाचे बावीस परीषह मोजले आहेत. क्षुधा, पिपासा, शीत, उष्ण यांच्यामागोमाग ‘दंशमशक’ हा परीषह येतो. डास-गोमाशी अंगावर बसली असता मनात क्षोभ होऊ न देणे हे तेथे साधनेचे एक अंग मानले आहे. ज्या देशात वर्षातून आठ महिने उघड्यावर राहता येते व चार महिने डासांत काढावे लागतात, त्या देशातील सर्वच यतिधर्मांना या गोष्टीचा विचार करणे भागच होते.

परंतु सोसणे म्हणजे आपोआप पुण्य असे मात्र आपल्या ग्रंथकारांनी कोठे मानलेले दिसत नाही. महाभारताच्या शांतिपर्वातील कर्णाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. परशुराम कर्णाच्या मांडीवर मस्तक ठेवून निजलेले असताना अलर्क नावाचा कीटक कर्णाची मांडी पोखरू लागला. गुरूची निद्रा मोडू नये म्हणून कर्ण हलला नाही. रक्ताचा ओलावा लागून परशुराम जागे झाले, आणि एवढी वेदना ब्राह्मणाकडून सोसली जाणार नाही असे म्हणून त्यांनी कर्णाचे असत्य उघडे पाडले. तो कीटक म्हणजे शापित झालेला दंश नावाचा असुर होता, व परशुरामांच्या दृष्टीस पडताच तो मुक्त झाला, असेही तेथे सांगितले आहे. कीर्तनांतून ही कथा गुरुभक्तीचा कळस म्हणून सांगण्याची रीत आहे. ती तशी आहेही. तथापि एवढी मोठी तितिक्षा असूनही कर्णास शाप चुकला नाही, याकडे सांगणाऱ्याचे लक्ष क्वचितच जाते. सोसण्याचे मोल ते कशासाठी व कोणत्या पायावर सोसले यावरून ठरते. खाली असत्य असले तर वरची सहनशीलता ते झाकू शकत नाही.

येथून पुढची पायरी अशी की, तितिक्षा ही ज्याची त्याने आपल्या देहापुरती करावयाची वस्तू आहे. भिक्षूने स्वतःच्या पायास झालेला दंश निमूट सोसला तर ती तितिक्षा होईल. त्याच भिक्षूने समोर तळमळणाऱ्या मुलाच्या आईस ‘प्रारब्ध आहे, सोसा’ असा उपदेश केला तर तिला तितिक्षा म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या देहावर आपले वैराग्य चालविण्याचा अधिकार कोणत्याही शास्त्राने दिलेला नाही. प्रारब्ध म्हणून बसावयाचे तर औषध मिळणे हेही प्रारब्धातच मोडते, हे त्या उपदेशकाच्या ध्यानात यावयास हवे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे, हे विंचवाच्या विषाची गती पाहिली म्हणजे कळते. आपल्याकडे मोठा काळा विंचू, ज्यास इंगळी म्हणतात, तो दिसावयास भयंकर. पण त्याच्या दंशाने बहुधा वेदना होते, प्राण जात नाहीत. लाल विंचू अंगाने लहान, बोटाएवढा, आणि तोच खरा घातक. त्याचे विष मज्जातंतूंना असे चेतवते की शरीरात एकाएकी वादळ उठावे. प्रथम उलटी होते, दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, हातपाय थंडगार पडतात. रक्तदाब चढतो, हृदय थकते, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून तोंडाशी गुलाबी फेस येतो. गंमत अशी की, ज्याला दंशाच्या जागी फार दुखते त्यालाच मोठे विष झाले असे नसते. कित्येकदा ज्या मुलाला वेदना थोडी आणि घाम व उलटी अधिक, त्याचाच जीव धोक्यात असतो. आईबाप वेदना कमी झाली म्हणून निश्चिंत होतात व तेवढ्यात वेळ निघून जाते.

या विषावर उतारा शोधण्याचे काम ज्यांनी केले ते डॉ. हिंमतराव बावस्कर मराठवाड्याच्याच मातीतले, जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. शेतकऱ्याच्या घरात, दारिद्र्यात वाढलेले हे वैद्य १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रावर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा सुळसुळाट. मोठ्या विषबाधेने रुग्णालयात आलेल्या रुग्णांपैकी शेकडा ३० ते ४० दगावत असत. रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी लक्षणांची नोंद ठेवली. ती नोंद १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे रक्तदाबासाठी वापरात असलेले प्राझोसिन नावाचे औषध या वादळावर नेमके लागू पडते असे त्यांना आढळले, व १९८६ साली त्याच नियतकालिकातून ते जगापुढे आले. या साध्या, स्वस्त गोळीने मृत्यूचे प्रमाण शेकड्यास एक ते चारपर्यंत उतरले. विंचवाच्या विषाची प्रतिलस व प्राझोसिन ही दोन्ही मिळून दिली तर रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे ७० रुग्णांवरील अभ्यासातून त्यांनी २०११ मध्ये दाखविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे ही अट मात्र सर्व औषधांना आहे, तशी यालाही आहे. कन्नडच्या डोंगरकडेच्या वस्तीवरून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयापर्यंत, आणि तेथून गरज पडल्यास साठेक किलोमीटरवर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत, हा प्रवास ज्याने पहिल्याच तासात सुरू केला त्याचे काम सोपे. ज्याने तो तास मांत्रिकाच्या ओट्यावर घालविला त्याचे कठीण.

मांत्रिकाची गोष्ट निघाली म्हणून थोडे विस्ताराने. परमेश्वराच्या अनन्य भक्तीचा ज्याने अंगीकार केला त्याने देवतांचे मंत्र, अंगारे, गंडेदोरे यांचा आश्रय करू नये, ही शिकवण पंथाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत असे जो म्हणतो, तो देवतेच्या नावाने विष उतरवू पाहणाऱ्यापुढे हात जोडून बसू शकत नाही. तरीही असे दिसते की, एरवी अनन्यतेत पक्के असलेले घरही विंचू चावला की रातोरात डळमळते. शेजारी सांगतात, अमक्या गावच्या भगताने शंभर माणसे उठविली. ते शेजारी खोटे बोलतात असेही नाही. बहुतेक दंश इंगळीचे किंवा अल्प विषाचे असतात. ते काही तासांत, फार तर एका दिवसात, आपले आपण उतरतात. त्या वेळी जो समोर असेल त्यास श्रेय मिळते. कडुलिंबाचा पाला फिरविला तरी शंभरांतील बहुसंख्य उठणार आणि नुसते बसून राहिले तरी उठणार. जी थोडी मुले उठत नाहीत त्यांच्याविषयी ‘उशिरा आणले’ असे म्हटले जाते, आणि तो उशीर भगताच्याच दारात झालेला असतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरविला आहे. कायद्याचे भय हा धर्माचा पाया नव्हे, तथापि राज्याने जे २०१३ मध्ये सांगितले त्याची निम्मी वाट पंथीयांनी अनन्यतेच्या उपदेशाने कधीच चालून टाकलेली असावयास हवी होती. चालली गेली नसेल तर त्याचा दोष उपदेशाकडे जात नाही.

एकनाथांच्या विंचवाच्या भारुडाचा दाखला मांत्रिकाच्या बाजूने देणारेही भेटतात. त्या भारुडातील विंचू कामक्रोधाचा आहे, आणि त्यावर सांगितलेला उतारा सत्त्वगुणाचा आहे. पैठणच्या त्या सत्पुरुषाने रूपक केले. रूपकाने लाल विंचवाचे विष उतरत नाही आणि प्राझोसिनने क्रोध उतरत नाही. दोन्हींची गल्लत करू नये.

आता दुसऱ्या जीवाकडे वळावे लागते. घरात विंचू दिसला की वहाण हाती घेणे हा प्रघात आहे. चावला असेल तर मग तो सापडेपर्यंत घर धुंडाळले जाते. थोडा विचार केला तर असे दिसेल की, दंशानंतर विंचू मारण्याने कोणताही लाभ होत नाही. विष शरीरात गेलेले असते, ते त्याच्या मरणाने परत येत नाही. त्याला शोधण्यात जी पंधरा मिनिटे जातात ती रुग्णाच्या आयुष्यातून जातात. म्हणजे ही हिंसा संरक्षणाची नसून सूडाची आहे, आणि सूडही अशावर की ज्याच्या ठायी द्वेष नव्हता. विंचू माणसाला खात नाही, माणसाची त्यास गरज नाही. पाय पडला म्हणून त्याने नांगी मारली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर अशी म्हण आहे. मादी आपली पिले पहिली कात टाकीपर्यंत पाठीवर वागविते, ही त्या म्हणीमागील पाहिलेली गोष्ट आहे. झोळी खांद्यावर टाकून गावोगाव अटन करणाऱ्या भिक्षूस हीच म्हण लोक गमतीने लावतात. दोघांनाही घर नाही, दोघेही मिळेल त्या आडोशाला रात्र काढतात. तेव्हा भिक्षूने तरी त्यास परका समजू नये.

पारध्यांच्या कुत्र्यांपासून पळणारा ससा श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन लपला, व त्यांनी तो दिला नाही, ही लीळा सर्वांच्या तोंडी आहे. शरण आलेल्याचे रक्षण इतकाच तिचा अर्थ केला जातो. ससा गोजिरवाणा आहे, म्हणून दया करणे सोपे जाते. नांगीचा जीव शरण येत नाही, तो चुकून येतो, आणि त्याच्याविषयी दया वाटणे कठीण. दयेची खरी कसोटी तेथेच लागते असे म्हणावे लागेल.

परंतु दयेच्या नावाने जे अघळपघळ सांगितले जाते त्यासही मर्यादा हवी. नदीत बुडणारा विंचू साधूने पुनःपुन्हा हाताने काढला, तो पुनःपुन्हा डसला, आणि ‘तो आपला स्वभाव सोडीत नाही, मी माझा का सोडू?’ असे साधू म्हणाला, ही कथा ऐकली नाही असा श्रोता महाराष्ट्रात नसेल. कथा गोड आहे. तथापि नदीकाठी पळसाचे पान नव्हते काय? काठी नव्हती काय? पानावर घेऊन काठावर ठेवता तर विंचू वाचला असता, साधू वाचला असता आणि विंचवाच्या हातून दंश घडला नसता. दया करणाऱ्याने हुशार असू नये असा नियम नाही. घरात विंचू दिसला असता रुंद तोंडाचे भांडे त्यावर उपडे घालावे, खालून जाड पुठ्ठा सरकवावा आणि दूर रानात नेऊन सोडावा. हे कोणत्याही वासनिकास जमण्यासारखे आहे. त्याहून चांगले ते की तो घरात येणारच नाही असे करावे. भिंतीच्या फटी लिंपाव्या, गोवऱ्या व सरपण घराला लावून रचू नये, अंथरूण झाडून घालावे, वहाण आपटून पायात घालावी, रात्री उजेड घेऊन चालावे, लेकरांना बाजेवर निजवावे. हा सारा आळस टाकण्याचा धर्म आहे. आळसाने जी हिंसा घडते ती शस्त्राने घडणाऱ्या हिंसेहून संख्येने फार मोठी असावी.

हिंसेचे माप कसे घ्यावे, या प्रश्नावर महाभारताने आदिपर्वात मांडव्याची कथा ठेवली आहे. निरपराध मांडव्य ऋषीस सुळावर चढविण्यात आले. त्याने धर्मराजास विचारले, हे कोणत्या कर्माचे फळ? उत्तर मिळाले, बालपणी तू पतंगांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास. मांडव्याने ते मान्य केले नाही. एवढ्याशा अपराधास एवढा दंड दिला म्हणून त्याने धर्मालाच शूद्रयोनीत जन्म घेण्याचा शाप दिला, तोच विदुर. आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलास पाप लागणार नाही अशी मर्यादा घातली. या कथेत कीटकाची वेदना क्षुल्लक म्हणून सोडून दिलेली नाही. तिची नोंद झाली आहे, तिचे फळही आहे. वाद आहे तो प्रमाणाचा व जाणतेपणाचा. न कळत तुडविलेली मुंगी, भयाने झटकलेली गोमाशी, गंमत म्हणून पंख उपटलेला पतंग आणि रागाने ठेचलेला विंचू या चार गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत. जी मुले मुंग्यांना साखर घालणाऱ्या आजीच्या मागे फिरतात तीच दुपारी चतुराच्या शेपटीला दोरा बांधतात. त्यांना शिक्षा नको, पण कोणीतरी हात धरावयास हवा.

मधमाशीचा विचार निराळा. पितळखोरा, वेरूळ, अजिंठा येथील कड्यांवर आग्यामोहोळे लोंबतात, आणि धूर, अत्तर किंवा दगड यांनी ती उठली की माणसांची पळापळ होते. मधमाशीची नांगी काटेरी असल्याने ती माणसाच्या कातडीत अडकते व माशी मरते. गांधीलमाशीचे तसे नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. रुतलेली नांगी तत्काळ काढावी, कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचे. कारण तुटलेल्या नांगीची पिशवी काही काळ विष सोडीतच राहते. ज्यास दंशानंतर अंगभर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडतो त्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे, तेथे मांडीत दिलेले अॅड्रिनॅलिन त्याचे प्राण वाचविते. मोहोळाला दगड मारणारा एक असतो आणि डसली जातात ती खाली उभी असलेली दहा माणसे, हे प्रत्येक यात्रेत दिसते.

सर्वांत अवघड प्रश्न डासाचा आहे, आणि तेथे पूर्वीच्या उत्तरांनी भागत नाही. १८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात पाहिला; कन्नड व सिकंदराबाद त्या वेळी एकाच निजामी राज्याच्या हद्दीत होती. तोपर्यंत डास हा केवळ परीषह होता. त्यानंतर तो एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर रोग नेणारा ठरला. एखादा पुरुष आपल्या अंगावर बसलेला डास शांतपणे सोसतो, तोच डास पुढे शेजारच्या बाळंतिणीस चावतो. आता ती तितिक्षा एकट्याच्या देहापुरती राहिली काय?

डेंग्यूचा डास रांजणात, कूलरच्या टाकीत, टाकून दिलेल्या करवंटीत साचलेल्या स्वच्छ पाण्यावर वाढतो. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत त्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा असे आरोग्यखाते सांगते. भांडे झाकून ठेवले व अंडी घालावयास वावच दिला नाही, तर कोणाचीही हिंसा होत नाही. हा मार्ग निर्दोष. परंतु रांजण उलटा करून घासला तर त्यातील अळ्या व कडेला चिकटलेली अंडी मरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. विहिरीत गप्पी मासे सोडणे यास कित्येक जण अहिंसक उपाय समजतात. वस्तुतः तेथे आपला हात न लावता माशाच्या तोंडाने तेच कर्म केले जाते, आणि करविता सुटत नाही हे शास्त्रप्रसिद्ध आहे. ज्या वासनिकाच्या घरात लहान मुले आहेत त्याने पाणी झाकावे, आणि झाकणे चुकले तेव्हा रांजण घासावा. त्यात दोष आहे असे जाणून घासावा, दोष नाही अशी मनाची समजूत घालू नये. दोष न म्हणता केलेले कर्म दुसऱ्या दिवशी निष्काळजीपणाने केले जाते, आणि दोष म्हणून केलेले कर्म माणसास पुढच्या आठवड्यात झाकण शोधावयास लावते.

राहिली मच्छरदाणी. तीत मनुष्यही सुरक्षित व डासही. भिक्षूपुरता प्रश्न एवढाच उरतो की ती परिग्रहात मोडते किंवा कसे. चातुर्मासात एका ठिकाणी राहणाऱ्या वृद्ध व आजारी भिक्षूंसाठी ती आश्रमाने बाळगावी, सायंकाळी लावावी, सकाळी गुंडाळून आश्रमाच्याच फडताळात ठेवावी आणि भिक्षूच्या झोळीत जाऊ देऊ नये, अशी व्यवस्था करता येण्याजोगी आहे. अटनावर असलेल्या तरुण भिक्षूने मात्र ती मागू नये; त्यास अंगभर वस्त्र पुरे, आणि ताप आला तर रक्त तपासून घेण्यास त्याने संकोच करू नये, कारण त्याच्या मुक्कामाच्या गावात त्याच रात्री इतरही निजलेले असतात.